‘बिट्वीन अ रॉक अँड अ हार्ड प्लेस’ नेमकं कुठे वापरावं?

‘म्हणजे आपलं इकडे आड, तिकडे विहीर’ एवढं सांगून बहुतेक पुस्तकं पुढच्या धड्याकडे वळतात. अर्थ बरोबर आहे. पण तेवढ्या शिदोरीवर वाक्यं करायला बसलेली कितीतरी मुलं मी अडखळताना पाहिली आहेत, आणि ‘संकटात सापडलात की बिनधास्त वापरा’ हा सल्ला तर मला ऐकवतच नाही.

पहिली पायरी: शब्द जसेच्या तसे पाठ करा. ‘रॉक’ आणि ‘हार्ड प्लेस’ दोन्हींच्या आधी ‘अ’, ‘द’ नाही. मध्ये ‘अँड’, ‘ऑर’ नाही.

दुसरी पायरी: क्रियापद जोडा. ‘आय ॲम’, ‘शी वॉज कॉट’, ‘वुई आर स्टक’, यांपैकी कोणतंही चालतं.

तिसरी पायरी: दोन वाटा मोजा. सगळी गोम इथेच आहे. नोकरीच्या सुरुवातीला कामाचा ढीग साचला, तेव्हा मी वरिष्ठांना मेलमध्ये हा वाक्प्रचार लिहिला. त्यांचं उलट उत्तर आलं: एक बाजू कळली, दुसरी कोणती? माझ्याकडे दुसरी बाजू नव्हतीच. मी फक्त कामाखाली दबून गेले होते, आणि त्याला इंग्रजीत ‘स्वॅम्प्ड’ म्हणतात. मुदत पाळायची तर तपासणी गाळावी लागते आणि तपासणी करायची तर मुदत हुकते, असं असतं तर माझं वाक्य अचूक ठरलं असतं.

म्हणून आधी मराठीत म्हणून बघा: ‘हे केलं तर हे नुकसान, ते केलं तर ते नुकसान.’ दोन्ही रिकाम्या जागा भरता आल्या तरच वापरा. एका बाजूला नुकसान आणि दुसरीकडे नुसती गैरसोय असेल, तर नको. तिसरी सोपी वाट उघडी असेल, तरी नको. दोन चांगल्या नोकऱ्यांतली एक निवडायची आहे? मग तर मुळीच नको. त्यात आड कुठे आणि विहीर कुठे?

शेजारच्या वाक्प्रचारांशीही गल्लत होते. एकाच बाजूने दाब येऊन मागे सरायला जागा उरली नाही, तर ‘बॅक टु द वॉल’. अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, असा नियमच गोल फिरत असेल तर ‘कॅच-२२’. हा शब्द १९६१ च्या एका अमेरिकन कादंबरीच्या नावावरून आला. ‘हॉब्सन्स चॉइस’ तर सर्रास चुकीचा वापरला जातो. केंब्रिजचा टॉमस हॉब्सन घोडे भाड्याने देई. दाराजवळ उभा असेल तोच घोडा घ्या, नाहीतर चालू लागा. तिथे दोन वाईट पर्याय नसतात, एकच पर्याय असतो.

व्युत्पत्ती सांगायची झाली तर ग्रीक पुराणातली, जहाजाला दोन्ही बाजूंनी गाठणारी राक्षसीण आणि भोवरा (सिला आणि कॅरिब्डिस) यांची गोष्ट मध्ये आणू नका. हे शब्द अमेरिकन आहेत. १९२१ साली तिथल्या बोलीभाषांच्या एका नियतकालिकात ॲरिझोनातला वाक्प्रचार म्हणून त्यांची नोंद झाली, आणि तेव्हा अर्थ दिला होता ‘दिवाळं निघणं’.

चौथी पायरी: दोन्ही बाजू आधी सांगा, वाक्प्रचार मागून येऊ द्या. ‘इफ आय टेल हर, शी विल बी हर्ट, इफ आय डोन्ट, शी विल लूज हर मनी. आय ॲम बिट्वीन अ रॉक अँड अ हार्ड प्लेस.’