पोट न सुटता वजन कसं वाढलं, माझा अनुभव

सांगलीत तालमीजवळच राहतो पण खाल्लेलं अंगाला लागतच नव्हतं. मग पावडरचा डबा न आणता घरचंच वाढवलं, रोजच्यापेक्षा ३०० ते ५०० कॅलरी जास्त, म्हणजे सकाळी अंडी, दुपारी ज्वारीच्या भाकरीवर तुपाची धार आणि दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी, रात्री म्हशीचं दूध नि केळं. १०० ग्रॅम शेंगदाण्यात जवळपास २५ ग्रॅम प्रोटीन असतंय, स्वस्तात मस्त! खरा फरक मात्र स्क्वॉट (खांद्यावर वजनाचा बार, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन बैठका) आणि डेडलिफ्टनं (तोच बार जमिनीवरनं उचलून उभं राहणं) पडला, बारवरचं वजन हळूहळू वाढवत न्यायचं, आणि त्याच स्नायूंना मधे एक-दोन दिवस आराम द्यायचाच. भरपूर खाऊनही वजन उतरतच असेल तर आधी थायरॉईड, शुगर तपासून घ्या राव.