रीफ टँकचा फिल्टर निवडताना पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

गोड्या पाण्याची टाकी सांभाळलेला माणूस समुद्री टाकीकडे वळला की दुकानात आधी कॅनिस्टर फिल्टरची, म्हणजे टाकीबाहेर बसणाऱ्या बंद डब्याच्या फिल्टरची, चौकशी करतो. रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळांच्या समुद्री टाकीसाठी, तो नको. कॅनिस्टरच्या स्पंजात अडकलेली विष्ठा आणि उरलेलं खाद्य शेवटी पाण्यातच असतं. तिथेच ते कुजतं आणि नायट्रेट वाढवत राहतं. गोड्या पाण्यातले मासे हे बरंच खपवून घेतात, प्रवाळ घेत नाहीत. म्हणून उपकरण बघताना घाण पाण्याबाहेर जाते की नुसती नजरेआड होते, एवढं तपासायचं.

हिशेबासाठी ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी धरू. मापाने ती १९० लिटरची. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी १५० लिटरच्या आसपास राहतं.

१. आधी पाणी

मीठ विरघळवायचं ते आरओ-डीआय पाण्यात, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही रेझिनने काढलेल्या पाण्यात. घरचा पिण्याचा आरओ पुरत नाही, कारण त्यात चवीसाठी काही क्षार मुद्दाम राखलेले असतात. आरओच्या पुढे डीआय रेझिनचं काडतूस लावा. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) शून्य आलं पाहिजे. नळाच्या पाण्यातलं फॉस्फेट आणि सिलिका आत गेलं, की पुढची महागडी उपकरणं शेवाळाशी झगडण्यातच खर्ची पडतात.

२. खडक

अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू सच्छिद्र खडकावर वसतात. खरा जैविक फिल्टर तोच. परदेशी व्हिडिओंमध्ये 'लाइव्ह रॉक', म्हणजे समुद्रातून काढलेला, जिवाणू आधीच वसलेला प्रवाळखडक दिसतो, पण मालवणच्या समुद्रातून दगड उचलून आणायचं मनातही आणू नका. दगडी प्रवाळ आणि सी फॅन (पंख्यासारखे प्रवाळ) २००१पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. दुकानात कोणी देऊ केले तरी घेऊ नका. कोरडा कृत्रिम खडक किंवा सिरॅमिक ठोकळे घ्या, जिवाणूंची बाटली आणि थोडा अमोनिया घालून टाकी चार ते सहा आठवडे मुरू द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासे नकोत.

३. स्किमर

इथे हात आखडता घेऊ नका. स्किमर म्हणजे फेसावाटे घाण बाहेर काढणारं उपकरण. खाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे फार बारीक होतात आणि प्रथिनं, स्निग्ध पदार्थ त्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात. बुडबुडे नळकांड्यातून वर चढतात, फेस कपात सांडतो आणि कोऱ्या चहाच्या रंगाचं, नाक मुरडायला लावणारं पाणी तिथे साठतं. ही घाण कुजायच्या आतच बाहेर पडते.

खोक्यावर छापलेल्या लिटरच्या आकड्यावर विसंबू नका. तो बहुतेकदा सढळ हाताने लिहिलेला असतो. आपल्या टाकीला २५० ते ३०० लिटरचा दावा करणारा स्किमर बरा. त्याहून फार मोठाही नको: मासे मोजकेच असतील तर फेस धरायला पुरेसा माल मिळत नाही आणि कप कोरडाच राहतो. घेण्याआधी दोन गोष्टी बघा. तो किती खोल पाण्यात चालतो (बरेच १८ ते २३ सेंटिमीटर मागतात) आणि कप काढायला वर जागा उरते का. नवीन स्किमरला रुळायला आठवडा-दोन आठवडे द्या. रोज झडप फिरवत बसू नका. एसीसाठी खोली बंद असेल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच घसरतो. तेव्हा स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढा.

४. खालची टाकी आणि पंप

स्किमर, हीटर, कार्बन सगळं कॅबिनेटमधल्या सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीखालच्या टाकीत, जातं. तिथून पाणी परत वर पाठवणारा परतीचा पंप तासाला टाकीच्या तीन ते पाचपट पाणी फिरवेल असा हवा, म्हणजे ४५० ते ७५० लिटर. पण पंपावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. सव्वा मीटर चढवताना तो बराच खाली येतो. खोक्यावरचा आलेख बघूनच घ्या. प्रवाळांना लागणारा जोरदार प्रवाह टाकीतले वेव्हमेकर (पाणी ढवळणारे छोटे पंप) देतील. त्यासाठी परतीचा पंप मोठा घेऊ नका.

५. बाकीचं

फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) स्वस्त आणि कामाचा, पण दर तीन-चार दिवसांनी बदलणार असाल तरच. नाहीतर तोही कॅनिस्टरच. सक्रिय कार्बन मात्र ठेवाच, कारण 'लेदर कोरल'सारखे मऊ प्रवाळ शेजाऱ्यांना मारक रसायनं सोडतात. तो महिन्याने बदलायचा. फॉस्फेट शोषणारे जीएफओचे दाणे चाचणीत फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या (दशलक्षात ०.१ भाग) वर टिकून राहिलं तरच घाला. नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर नेलं तर प्रवाळ फिके पडतात आणि तपकिरी चिकट डायनोफ्लॅजेलेट्स (शेवाळासारखे सूक्ष्मजीव) माजतात. पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही दिवा सुरुवातीला नकोच.

६. वीज घालवून बघा

टाकी भरल्यावर, मासे आणण्याआधी, परतीचा पंप बंद करा. परतीच्या नळीचं तोंड उघडं पडेपर्यंत पाणी उलटं खाली येत राहतं. आपल्या टाकीत पातळी अडीच सेंटिमीटर उतरली तरी सुमारे साडेदहा लिटर पाणी सम्पमध्ये येतं. सम्प काठोकाठ आला तर नळीचं तोंड वर घ्या किंवा पाण्याच्या पातळीलगत तिला छोटं भोक पाडा. चेक व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) भरवसा नको. त्यात चुन्याचा थर बसतो आणि तो अडकतो. पातळी मनासारखी झाली, की पंप चालू असताना पाणी जिथे असतं तिथे सम्पवर मार्करने रेघ ओढा आणि त्याच्या वर कधी भरू नका.