लिम्फोमात (लसिका ग्रंथींच्या कर्करोगात) रात्री घामाने अंथरूण भिजणे : शेवटी काय उपयोगी पडले

लक्षण : केमो चालू असताना पहाटे दोन-तीनला कपडे, उशी, चादर पिळून काढावी इतका घाम आणि मग हुडहुडी.

फसलेले उपाय : एसी १८ वर (थंडी वाजते, पांघरूण ओढले की पुन्हा घाम), टाल्कम पावडर (घडीत गोळे होऊन त्वचा सोलते), गादीवर रेक्झिन. झोपेचे खोबरे झाले.

जमले ते असे. रेक्झिन काढून गादीवर सुती चादर, तिच्यावर आडवा मोठा टॉवेल, त्यावर दुसरी चादर. घाम आला की वरचे दोन थर ओढून काढायचे; खाली कोरडे अंथरूण तयारच. जाड रजईऐवजी दोन पातळ सुती पांघरुणे. उशाशी सुती कपड्यांचा जोड, पाणी, थर्मामीटर.

जाग येताच आधी ताप मोजायचा, मगच कोमट पाण्याने अंग पुसायचे. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालयात फोन. पॅरासिटॅमॉल आपल्या मनाने नको, ताप झाकला जातो.

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड गोळीनेही घाम येतो. डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेतल्यावर रात्रीचा त्रास कमी झाला. वेळ, ताप, किती कपडे बदलले हे वहीत लिहा, ओपीडीत तेच विचारतात.