द सिम्स ४ : जुने जग बाजूला ठेवून नव्याने सुरुवात कशी करावी

द सिम्स ४, म्हणजे माणसे आणि घरे घडवून त्यांचे आयुष्य चालवण्याचा संगणकीय गेम, अडखळू लागला, की अनेक जण सर्वप्रथम गेम अनइन्स्टॉल करतात आणि कित्येक गिगाबाइटचे डाउनलोड पुन्हा पूर्ण होण्याची वाट पाहत बसतात. एवढे करून गेम उघडला, तर जुनेच कुटुंब, जुन्याच सेटिंग्ज आणि पुष्कळदा जुनाच बिघाड समोर उभा असतो. कारण अगदी साधे आहे. गेमच्या स्वतःच्या फाइली एका ठिकाणी असतात आणि खेळणाऱ्याने घडवलेले सारे काही, म्हणजे घरे, माणसे, निवडलेल्या सेटिंग्ज आणि मॉड्स (इतर खेळाडूंनी बनवलेल्या, गेममध्ये जोडायच्या फाइली), दुसऱ्याच ठिकाणी असते. अनइन्स्टॉल केल्याने पहिले जाते, दुसऱ्याला धक्काही लागत नाही. गेम जिथून डाउनलोड होतो त्या ईए अ‍ॅपमधील ‘रिपेअर’ आणि स्टीम या अ‍ॅपवरील फाइलींची पडताळणी यांचेही तसेच आहे. दोन्ही उपयोगी आहेत, पण त्या फक्त गेमच्या मूळ फाइली तपासतात.

हे दुसरे ठिकाण म्हणजे ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरातील ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ आणि त्याच्या आतील ‘द सिम्स ४’ हे फोल्डर. विंडोज आणि मॅक या दोन्हींवर ते याच मार्गाने सापडते. या लेखात फाइलींची आणि फोल्डरांची नावे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत दिसतील. गेम मराठीत उपलब्ध नसल्यामुळे आपल्याकडे बहुतेक जण तो इंग्रजीतच खेळतात, मात्र जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गेमची भाषा जर्मन असेल तर याच फोल्डराचे नाव ‘डी सिम्स ४’ असते आणि फ्रेंच असेल तर ‘ले सिम्स ४’. भाषा बदलली, की गेम त्या भाषेच्या नावाचे नवे, रिकामे फोल्डर तयार करतो आणि जुनी जगे नाहीशी झाल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात ती शेजारच्या फोल्डरात जशीच्या तशी असतात, त्यामुळे ‘माझे सगळे गेले’ असे म्हणण्यापूर्वी आजूबाजूला एकदा पाहून घ्यावे.

आता मूळ कृतीकडे वळू. रिसेट करायचे म्हणजे काही पुसून टाकायचे नाही, ते बाजूला ठेवायचे. डिलीट हे बटण या कामात जवळजवळ लागतच नाही. गेम पूर्णपणे बंद करावा, ‘द सिम्स ४’ हे संपूर्ण फोल्डर उचलून डेस्कटॉपवर ठेवावे आणि गेम पुन्हा सुरू करावा. गेमला आपले फोल्डर जागेवर सापडले नाही, की तो त्याच नावाचे कोरे फोल्डर आपणहून तयार करतो आणि सर्व सेटिंग्ज मूळ स्थितीत असलेला, एकही जतन केलेले जग नसलेला गेम समोर येतो. ज्यांच्या संगणकावर डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप हे दोन्ही वनड्राइव्ह या ऑनलाइन साठवणीशी जोडलेले आहेत, त्यांनी हे काम करताना सिंक थोडा वेळ थांबवावे, नाहीतर एकीकडे आपण फोल्डर हलवतो आणि दुसरीकडे वनड्राइव्ह ते पुन्हा आणून ठेवतो, असा खेळ सुरू होतो.

कोऱ्या फोल्डरावर गेम नीट चालला, तर दोष आपल्या जुन्या सामानात होता हे सिद्ध होते. तरीही नीट चालला नाही, तर दोष गेमच्या मूळ फाइलींत किंवा संगणकात आहे. अशा वेळी जुने फोल्डर निःशंकपणे परत जागेवर ठेवावे आणि रिपेअरचा मार्ग धरावा.

दोष जुन्या सामानात असल्यास ते एकदम परत आणण्याचा मोह आवरावा आणि दर टप्प्याला गेम बंद करून एकेक भाग नव्या फोल्डरात आणावा. सर्वप्रथम ‘सेव्हज’ हे फोल्डर आणावे, कारण जतन केलेली जगे त्यात असतात. त्यानंतर ‘ट्रे’ आणावे. या नावाकडे अनेकांचे लक्ष जात नाही, पण गेममधील ‘माय लायब्ररी’ या संग्रहात ठेवलेली कुटुंबे, घरे आणि खोल्या याच फोल्डरात असतात. एकाच कुटुंबाच्या अनेक फाइली असतात आणि त्यांची नावे लांबलचक आकडे-अक्षरांची असतात, म्हणून त्यांतील काही निवडून आणण्याच्या फंदात न पडता ते अख्खे फोल्डरच आणणे शहाणपणाचे. ‘स्क्रीनशॉट्स’ केव्हाही आणले तरी चालते.

मॉड्स मात्र सर्वांत शेवटी, कारण माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा गुन्हेगार तिथेच सापडतो. अर्धे मॉड्स आणून गेम चालवावा. बिघाड परतला तर दोषी त्या अर्ध्यात आहे, परतला नाही तर उरलेल्या अर्ध्यात; मग दोषी असलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. शंभर फाइली असल्या तरी सहा-सात फेऱ्यांत नेमकी फाइल हाती लागते. नव्या फोल्डरात मॉड्स बंद असतात, त्यामुळे गेमच्या पर्यायांत ‘अदर’ या विभागात जाऊन कस्टम कंटेंट (बाहेरून आणलेले कपडे, केस, फर्निचर) आणि स्क्रिप्ट मॉड्स (गेमचे वागणे बदलणारे मॉड्स) यांच्या दोन्ही चौकटींत खूण करावी आणि गेम पुन्हा सुरू करावा. गेमची नवी आवृत्ती आली, की या खुणा आपोआप निघतात. तो बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. स्क्रिप्ट मॉड ‘मॉड्स’ फोल्डराच्या आत फार तर एका उपफोल्डरात ठेवावा. त्याहून खोल ठेवल्यास गेम तो वाचत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना. मॉड्स काढलेल्या अवस्थेत जुने जग उघडून पाहिले, तर कस्टम कपडे, केस आणि फर्निचर गायब दिसतील. त्या स्थितीत ‘सेव्ह’ दाबले, तर ही उणीव त्या जगात कायमची नोंदली जाऊ शकते. पाहून झाले, की जतन न करता बाहेर पडावे, किंवा ‘सेव्ह अ‍ॅज’ने वेगळ्या नावाने जतन करावे.

सगळे फोल्डर हलवण्याची गरज नेहमीच नसते. नुसत्या सेटिंग्ज बिघडल्या असतील, म्हणजे रिझोल्यूशन चुकीचे बसून पडदा काळा राहात असेल किंवा ग्राफिक्स इतके वाढवले गेले असतील की मेनूपर्यंतही पोहोचता येत नसेल, तर ‘ऑप्शन्स.आयएनआय’ ही एकच फाइल बाहेर काढावी. विंडोजवर तिचे नाव पुष्कळदा नुसते ‘ऑप्शन्स’ असे दिसते. गेम ती पुन्हा मूळ मूल्यांसह तयार करतो आणि जगांना काहीही होत नाही. जुनी लघुचित्रे दिसत असतील किंवा मॉड काढल्यावरही त्याची सावली रेंगाळत असेल, तर ‘लोकलथंबकॅश.पॅकेज’ ही फाइल काढावी. या संपूर्ण प्रकरणात निर्धास्तपणे डिलीट करावी अशी हीच एक फाइल आहे, कारण ती गेम दरवेळी नव्याने बनवतो.

जग स्वतःच बिघडले असेल, तर ते मोडीत काढण्यापूर्वी त्याची मागची आवृत्ती पाहावी. गेम प्रत्येक जगाच्या पाच जुन्या प्रती स्वतः सांभाळतो, आणि ही सोय अनेक वर्षे खेळणाऱ्यांनाही ठाऊक नसते. ‘लोड गेम’च्या पडद्यावर ‘रिकव्हर सेव्ह’ हा पर्याय आहे. तो निवडला, की मागच्या प्रती तारीख-वेळेसह दिसतात. गेममधून हे जमत नसेल, तर ‘सेव्हज’ फोल्डर उघडावे. तिथे प्रत्येक जगाची ‘स्लॉट’ या शब्दाने सुरू होणारी आणि ‘.सेव्ह’ने संपणारी फाइल असते, आणि तिच्याच नावापुढे ‘.व्हर०’ ते ‘.व्हर४’ अशी शेपटी जोडलेल्या प्रती असतात. शून्य क्रमांकाची प्रत सर्वांत अलीकडची. कोणता स्लॉट कोणत्या जगाचा हे नावावरून कळत नाही, ते फाइल बदलल्याच्या तारखेवरून ओळखावे. बिघडलेली ‘.सेव्ह’ फाइल दुसरीकडे हलवावी, हव्या असलेल्या प्रतीची आणखी एक प्रत काढावी आणि तिच्या नावातील ‘.व्हर०’ एवढाच भाग पुसावा. पाचही प्रती आपण पुनःपुन्हा जतन करत गेल्याने मागे ढकलल्या जातात, म्हणून बिघाड लक्षात आल्यानंतर त्याच जगात सेव्ह करत राहणे हे सर्वांत वाईट.

अगदी कोरे जग हवे असेल, तर मेनूतून ‘न्यू गेम’ घ्यावा. गेममध्ये आधीपासून असलेली कुटुंबे, उदाहरणार्थ विलो क्रीक गावातील गॉथ कुटुंब आणि ओएसिस स्प्रिंग्ज गावातील कॅलिएन्टे कुटुंब, मूळ स्थितीत परततात आणि जुने जग आपल्या स्लॉटमध्ये सुरक्षित राहते. आपले आवडते कुटुंब नव्या जगात न्यायचे असल्यास जुन्या जगात ते माय लायब्ररीत जतन करावे आणि नव्या जगात तिथून ठेवावे. कुटुंबातील आपसातली नाती टिकतात, मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांशी आणि दुसऱ्या घरी राहणाऱ्या सोयऱ्यांशी असलेली नाती तुटतात. म्हणून ज्यांचे नाते टिकवायचे आहे, त्यांना आधी एकाच घरात राहायला आणून मग जतन करावे.

हीच युक्ती उलट दिशेनेही वापरता येते. समजा, जुन्या जगात सगळे नीट आहे, फक्त गॉथ कुटुंबाचा ‘ऑफिलिया व्हिला’ आपण मोडून वाटोळे केले आहे. तात्पुरते नवे जग सुरू करावे, तिथला मूळ वाडा माय लायब्ररीत जतन करावा, जुन्या जगात परत जावे आणि तो त्याच जागेवर ठेवावा. एका घरासाठी अख्ख्या गावावर पाणी सोडण्याचे कारण नाही. आपण न खेळलेली कुटुंबे न सांगता लग्ने करतात, मुले दत्तक घेतात किंवा गाव सोडून जातात, अशी तक्रार असेल, तर तो बिघाड नसून ‘नेबरहुड स्टोरीज’ या सोयीचे काम असते. नव्या जगात ती सुरुवातीलाच बंद करावी.

कधी कधी एकच सिम, म्हणजे गेममधील माणूस, दारात अडकून उभा राहतो किंवा हातातले ताट सोडत नाही. त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि सी या कळा एकत्र दाबून चीटची, म्हणजे गेमला थेट आज्ञा लिहून देण्याची, चौकट उघडावी. तीत ‘रिसेटसिम’ हा शब्द रोमन लिपीत सलग लिहून, पुढे त्या सिमचे नाव आणि आडनाव लिहून एंटर दाबावे. तो जागच्या जागी भानावर येतो आणि हातातले काम तेवढे विसरतो.

जुने भाग खेळणाऱ्यांसाठी थोडेसे. द सिम्स ३ मध्ये प्रत्येक जग हे एक फोल्डर असते, त्याचे नाव ‘.सिम्स३’ने संपते आणि शेजारी ‘.बॅकअप’ ही शेपटी असलेले मागचे फोल्डर असते; ती शेपटी काढली, की मागचे जग उघडते. रिसेटसिमपुढे नावाऐवजी तारांकन लिहिले, तर तिथे अख्खे गाव एका झटक्यात रिसेट होते.

२००४ मधील द सिम्स २ चे प्रकरण मात्र नाजूक आहे. त्यात जतन केलेले जग म्हणजे ‘नेबरहूड्स’ फोल्डर, आणि त्याच्या आत प्लेझंटव्ह्यू, स्ट्रेंजटाउन व व्हेरोनाव्हिल यांसाठी अनुक्रमे ‘एन००१’, ‘एन००२’ आणि ‘एन००३’. संपूर्ण नेबरहूड्स फोल्डर बाजूला ठेवून गेम सुरू केला, की तिन्ही गावे मूळ रूपात परत येतात. पण गावातील नकोशी माणसे गेममधूनच एकेक करून डिलीट करणे, किंवा थडगी नष्ट करणे, हा या गेममध्ये गाव रिकामे करण्याचा मार्ग नव्हे. त्या माणसांचे उल्लेख इतरांच्या आठवणींत आणि नात्यांत उरतात, त्यांच्या फाइली अर्धवट राहतात आणि गाव हळूहळू सडत जाते. बिघाड उघडा पडेपर्यंत कितीतरी पिढ्या खेळून झालेल्या असतात आणि तोपर्यंत निरोगी प्रत बहुधा उरलेली नसते.