समोरच्याने ऑल-इन केलं, आता कॉल करायचा का?

पोकरमध्ये समोरचा सगळ्या चिप्स पुढे सरकवतो, म्हणजे ऑल-इन जातो, तेव्हा बहुतेक जण आपली दोन पानं पुन्हा उचलून बघतात आणि मनाशी विचारतात, 'माझा हात चांगला आहे ना?' हा प्रश्न अपुरा आहे. कॉल, म्हणजे तेवढ्याच चिप्स घालून खेळात राहणं, परवडायचा तर किती टक्के वेळा जिंकायला हवं हे आधी कळलं पाहिजे. मग समोरच्याकडे असू शकतील अशा हातांपैकी कितींना आपण हरवतो, ते बघायचं. हे दोन आकडे समोरासमोर ठेवले की निर्णय बराचसा झालेला असतो. खालची सगळी उदाहरणं टेक्सस होल्डमची आहेत: प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच. त्यातली पहिली तीन म्हणजे फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर.

1. आधी किंमत काढा

कॉलसाठी लागणाऱ्या चिप्सना कॉल केल्यानंतरच्या एकूण पॉटने, म्हणजे मधे जमलेल्या सगळ्या चिप्सने, भागा. पॉटमध्ये 1000 आहेत, समोरच्याने 1000 लावले, तुम्हाला 1000 घालायचे आहेत. एकूण पॉट होईल 3000, म्हणजे तीनातून एकदा जिंकलात तरी ना नफा ना तोटा. बेट अर्ध्या पॉटची असेल तर 25 टक्के पुरतात, दुप्पट पॉटची असेल तर 40 लागतात. हे तीन आकडे पाठ असले की टेबलावर कागद-पेन्सिल लागत नाही.

समोरचा 5000 लावतो आणि तुमच्याकडे 2000च आहेत, अशा वेळी घाबरायचं कारण नाही. तुमचे जास्तीत जास्त 2000 जाणार आणि त्याच्या वरच्या चिप्स त्याला परत मिळणार. दोघेच उरले असाल तर हिशेब 2000 धरूनच करा: 1000च्या पॉटमध्ये दोघांचे दोन-दोन हजार, एकूण 5000, म्हणजे 40 टक्के. कॅश गेममध्ये (जिथे चिप्स म्हणजे थेट पैसे) पॉटमधून रेक, म्हणजे खेळवणाऱ्याचा वाटा, कापला जातो, त्यामुळे खरी गरज याहून किंचित जास्तच असते.

2. पानं यायची बाकी असतील तर आउट्स मोजा

फ्लॉपवर फ्लश ड्रॉ असेल, म्हणजे फ्लशला (एकाच चिन्हाची पाच पानं) एकच पान कमी असेल, तर फ्लश पुरा करणारी 9 पानं, म्हणजे आउट्स, शिल्लक असतात. फ्लॉपवर आउट्सना 4ने गुणा, टर्नवर 2ने. उत्तर अंदाजेच येतं, पण निर्णयाला पुरतं: फ्लॉपवर साधारण 35 टक्के, टर्नवर जेमतेम 20. चारने गुणणं ऑल-इनच्या वेळी अगदी योग्य असतं, कारण कॉल केल्यावर टर्न आणि रिव्हर दोन्ही पानं नक्की बघायला मिळतात, मध्ये पुन्हा पैसे मागायला कोणी येत नाही. फक्त एक बघा, तुमचा फ्लश झाला तरी समोरच्याचा त्याहून मोठा होऊ शकत असेल तर सगळी 9 पानं तुमची धरू नका.

3. समोरच्याचे हात लिहून काढल्यासारखे मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'त्याच्याकडे एक्केच असणार' असं एकाच हातावर बोट ठेवू नका, यादी करा. कोणतीही जोडी हातात येण्याचे 6 प्रकार असतात, एक्का-राजाचे 16. फ्लॉपच्या आधी तुमच्याकडे दोन राण्या आहेत आणि समोरचा ऑल-इन जातो. तो फक्त एक्के किंवा राजांची जोडी घेऊनच असं करणारा असेल तर तुम्ही जेमतेम 18 टक्के वेळा जिंकता. यादीत एक्का-राजा आला की आकडा 40च्या आसपास जातो, गुलामांची जोडीही आली की 47च्या. पानं तीच दोन राण्या, उत्तर मात्र यादीनुसार बदलतं.

आता रिव्हरचा एक हात नीट बघू. टेबलावर इस्पिक राजा, इस्पिक अठ्ठी, चौकट पंजी, किलवर गुलाम, बदाम दुर्री. तुमच्याकडे चौकट राजा आणि किलवर राणी. पॉट 1000, समोरच्याचा ऑल-इन 1000चा, गरज 33 टक्क्यांची. फ्लॉपच्या आधी त्याने नुसता कॉल केला होता, म्हणून एक्का-राजा यादीतून वगळू. तुम्हाला हरवणारे हात: अठ्ठ्यांच्या जोडीचे 3 कॉम्बो, म्हणजे प्रकार (एक अठ्ठी टेबलावर आहे, म्हणून 6 नाहीत), पंज्यांच्या जोडीचे 3, राजा-गुलामाचे 6. एकूण 12. फसलेले फ्लश ड्रॉ, म्हणजे त्याचे ब्लफ, सगळे इस्पिकचे: एक्का-दश्शी, एक्का-नव्वी, राणी-दश्शी, दश्शी-नव्वी, नव्वी-सत्ती, सत्ती-छक्की. एकूण 6. अठरात सहा, म्हणजे बरोबर 33 टक्के, कॉल आणि फोल्ड (पानं टाकून देणं) सारखेच.

हाच हिशेब तुमची राणी किलवरची नसून इस्पिकची असेल तर पुन्हा करा. इस्पिक राणी तुमच्याच हातात असल्यामुळे त्याच्याकडे इस्पिक राणी-दश्शी असूच शकत नाही. ब्लफ उरले 5, एकूण हात 17, तुमचा वाटा 29 टक्के. फोल्ड करा. दोन्ही वेळा तुमच्याकडे राजांची जोडी आणि राणीच आहे, पण इस्पिक राणी त्याचा एक ब्लफ अडवते.

4. हे ब्लफ तो खरंच करतो का?

यादीत सहा ब्लफ बसतात म्हणून समोरचा सहाच्या सहा हातांनी ऑल-इन जातोच असं नाही. त्यातले निम्मेच खेळत असेल तर पंधरात तीन, म्हणजे 20 टक्के, आणि कॉल तोट्याचा. बराच वेळ नुसता कॉल करत बसलेला माणूस रिव्हरला अचानक सगळं लावतो तेव्हा माझा कल फोल्डकडे असतो. उलट, प्रत्येक टप्प्यावर जोरात बेट करणाऱ्याकडे फसलेले ड्रॉ भरपूर सापडतात. थरथरते हात, रोखलेली नजर यांना मी फार वजन देत नाही. फ्लॉप आणि टर्नवर त्याने जे केलं ते यादीतल्या प्रत्येक हाताशी जुळतं का, हे तपासणं जास्त कामाचं.

2003च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमध्ये शेवटचे दोघे उरले असताना ख्रिस मनीमेकर स्ट्रेट (ओळीने पाच पानं) आणि फ्लश दोन्ही हुकलेले असताना रिव्हरवर ऑल-इन गेला आणि सॅमी फरहाने नव्व्यांची टॉप पेअर, म्हणजे टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पानाशी जुळलेली जोडी, टाकून दिली. त्या एका हातात फोल्ड चुकला. पण फोल्ड योग्य होता की नाही हे उघडलेल्या दोन पानांवरून ठरत नाही, त्या क्षणी शक्य असलेल्या सगळ्या हातांवरून ठरतं.

5. टूर्नामेंटमध्ये उंबरठा वर सरकवा

टूर्नामेंटमध्ये गमावलेल्या चिप्सची किंमत मिळवलेल्या चिप्सपेक्षा जास्त असते, कारण चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसातला अपेक्षित वाटा दुप्पट होत नाही. बक्षिसं सुरू व्हायला एकदोन खेळाडूंचाच अवधी असेल तेव्हा 33 टक्क्यांच्या कॉलला त्याहून बरंच जास्त लागतं, विशेषतः तुमच्यापेक्षा मोठा स्टॅक असलेल्याविरुद्ध. सॅटेलाइटमध्ये, म्हणजे मोठ्या टूर्नामेंटची तिकिटं देणाऱ्या स्पर्धेत, तर सगळ्या विजेत्यांना सारखंच तिकीट मिळतं. तिथे तुमचं तिकीट जवळपास पक्कं असेल आणि तुम्हाला बाहेर काढू शकणारा खेळाडू ऑल-इन गेला असेल, तर दोन एक्केही फोल्ड करणं बरोबर ठरू शकतं.