सीटी रिपोर्टमध्ये 'मेसेंटेरिक पॅनिक्युलायटिस' लिहिलं असेल तर

लहान आतडं पोटाच्या मागच्या भिंतीला एका घडीदार पडद्याने जोडलेलं असतं. तो पडदा म्हणजे मेसेंटरी. त्यातल्या चरबीमधून आतड्याच्या रक्तवाहिन्या जातात. या चरबीला जुनाट सूज आली की तिला मेसेंटेरिक पॅनिक्युलायटिस म्हणतात. चरबी घट्ट होऊन आकसू लागली, तर स्क्लेरोझिंग मेसेंटेरायटिस.

अनेकदा सीटी काढलेला असतो वेगळ्याच कारणासाठी आणि ही सूज अचानक सापडते. म्हणून आधी विचारा: माझा त्रास हिच्यामुळेच आहे का? पित्ताशयातले खडे किंवा अल्सर शेजारीच असू शकतो आणि सगळा दोष या भारदस्त नावावर जातो. दुखणं कुठे, जेवणानंतर किती वेळाने, ताप येतो का, किती महिन्यांत किती वजन उतरलं, हे लिहून न्या.

रिपोर्टमधला 'मिस्टी मेसेंटरी' हा शब्द म्हणजे निदान नव्हे. चरबी धूसर दिसते, एवढंच. स्वादुपिंडाची सूज किंवा यकृताच्या सिरोसिसमध्येही ती तशी दिसते. रक्तवाहिन्या आणि लसिका गाठींभोवती (लिंफ नोड्स) चरबीचं स्वच्छ कडं उरलं असेल, तर पॅनिक्युलायटिसची शक्यता वाढते. गाठींचं माप नक्की बघा. गाठीच्या लहान बाजूचं माप (शॉर्ट ॲक्सिस) १० मिमीपेक्षा जास्त असेल किंवा मेसेंटरीबाहेरही गाठी वाढल्या असतील, तर लिंफोमा (लसिका गाठींचा कर्करोग) नाही ना, याची खात्री करायलाच हवी. त्यासाठी पेट स्कॅन किंवा बायोप्सी लागू शकते. इथे बारीक सुईने ओढलेल्या पेशी बऱ्याचदा अपुऱ्या पडतात, तुकडाच तपासावा लागतो.

त्रास नसेल तर औषध नको. त्रास जास्त असेल तर बऱ्याचदा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रोज ४० मिग्रॅच्या आसपास, आणि सोबत टॅमॉक्सिफेन १० मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात. गुण येतो का, हे ३-४ महिन्यांनी ठरतं. स्टेरॉइडने साखर आणि रक्तदाब वाढतो. बरं वाटलं म्हणून ते एकदम बंद करू नका, कारण शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, कॉर्टिसॉल, तोवर मंदावलेलं असतं. टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात: एकाच पायाला सूज किंवा अचानक धाप लागली तर लगेच डॉक्टरांकडे जा.

सुजलेला भाग कापून काढणं सहसा जमत नाही, आतड्याचा रक्तपुरवठाच त्यातून जातो. शस्त्रक्रिया मुख्यतः आतडं अडलं तर. पोट फुगलं, उलट्या थांबत नाहीत, वारा सरत नाही, अशा वेळी थेट इमर्जन्सीत जायचं.