सशाला फळं देताना या चुका टाळा

केळ्याचा वास आला की ससा मागच्या पायांवर उभा राहतो, पायात घुटमळतो, बोटं हुंगतो. घरातले मग ठरवून टाकतात की याला फळं मानवतात. पण आवडणं वेगळं आणि मानवणं वेगळं. पोट भरलं म्हणून गोड फळ अर्धवट सोडणारा ससा विरळाच, त्यामुळे किती खायचं हे त्याच्यावर सोपवून चालत नाही.

नेहमीची फळं काही विष नव्हेत. बिघडतं ते प्रमाणामुळे, आणि फळाने पोट भरल्यावर जे गवत खायचं राहून जातं त्यामुळे. मोठ्या सशाच्या आहारात ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त वाळलं गवत हवं. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर, आणि झिजतात ते मुख्यतः गवत चावूनच. मऊ केळ्याने दातांना काही काम मिळत नाही.

‘एवढंसंच तर दिलं’

सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच. २ किलोच्या सशाला एका वेळी चहाचे एक-दोन चमचे फळ, तेही आठवड्यातून दोन-तीनदा, एवढं पुष्कळ झालं. आता मध्यम आकाराच्या सफरचंदाच्या आठ फोडी करा. एक फोड साधारण वीस ग्रॅमची भरते, म्हणजे चारेक चमचे. आपल्याला ती घासभर वाटते, पण ६० किलोच्या माणसाच्या वजनाशी हिशेब जुळवला तर ती तीन-चार अख्ख्या सफरचंदांएवढी होते!

त्यात घरात माणसं चार असली की प्रत्येक जण ‘मी थोडंसंच दिलं’ म्हणतो आणि ससा चार वेळा खातो. यावर सोपा उपाय म्हणजे फळाच्या दिवशी सकाळीच त्याचा वाटा चिरून एका वाटीत ठेवायचा. वाटी रिकामी झाली की त्या दिवसाचं फळ संपलं, मग मागणारा कितीही गोड दिसो.

फळाफळांतही फरक आहे. स्ट्रॉबेरीत साखर कमी, केळ्यात आणि द्राक्षात जास्त. मनुके, बेदाणे आणि इतर सुकवलेली फळं तर सरळ बंदच ठेवा, कारण पाणी उडून गेल्यावर मनुक्यात निम्म्याहून जास्त साखरच उरते. गाजरही खाऊच्याच हिशेबात धरा. फळांचा रस आणि दुकानात मिळणारे दह्याचे किंवा फळांचे गोड ड्रॉप्स यांची गरजच नाही.

मऊ लेंड्या दिसल्या की घाबरून भलतंच करणं

ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक गोल, कोरड्या, चुरडल्या तर गवताचा भुगा निघणाऱ्या. दुसऱ्या मऊ, चकचकीत, गडद रंगाच्या, द्राक्षाच्या इवल्याशा घोसासारख्या एकमेकींना चिकटलेल्या. या दुसऱ्या प्रकारच्या लेंड्या आंधळ्या आतड्यात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या पिशवीत तयार होतात. तिथे जिवाणू चारा आंबवून त्यातून जीवनसत्त्वं आणि प्रथिनं तयार करतात, आणि ससा त्या लेंड्या बाहेर पडताक्षणी तोंड लावून खाऊन टाकतो. किळस करू नका, त्याच्या पोषणाचा तो भागच आहे.

साखर जास्त झाली की या जिवाणूंचा तोल ढळतो. घोस नीट बनत नाही, शेणासारखा लगदा होतो आणि तो शेपटीखाली लडबडतो. ससा जाडजूड असेल तर त्याचं तोंड तिथवर पोचतही नाही. पाहणाऱ्याला वाटतं जुलाब लागले. पण सोबत कोरड्या गोल लेंड्याही पडत असतील तर ते बहुधा जुलाब नव्हेत, आहाराची तक्रार आहे. फळ, गाजर, सगळा गोड खाऊ पूर्ण बंद करा, पेलेट्स (दुकानात मिळणारा गोळ्यांचा तयार खुराक) कमी करा आणि गवत भरपूर ठेवा. बऱ्याचदा काही दिवसांत फरक दिसतो. नाहीच दिसला तर पशुवैद्याकडून दात, वजन आणि पाठीचं दुखणं तपासून घ्या.

मागचा भाग माखलेला असेल तर तेवढाच ओल्या कापडाने पुसून कोरडा करायचा, सशाला अख्खी आंघोळ घालायची नाही. हे उद्यावर टाकू नका. घाणीवर माशा अंडी घालतात आणि दिवसभरातसुद्धा अळ्या कातडीला लागू शकतात.

पाण्यासारखं पातळ पडत असेल आणि कोरड्या लेंड्या बंद असतील, तर ते खरे जुलाब. विशेषतः पिल्लू असेल तर तासभरही वाट पाहू नका. आणि घरातली माणसांची अँटिबायोटिक अजिबात देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखं औषध तोंडावाटे गेलं तर ते सशाचा जीव घेऊ शकतं.

पपईने केसांचा गोळा विरघळतो?

हा समज फार पसरलेला आहे. अंग चाटताना पोटात गेलेले केस पपई किंवा अननस खाऊन विरघळतात म्हणे. या फळांतली एन्झाइम्स प्रथिनं पचवतात खरी, पण केस ज्या केराटिनचा असतो त्यावर त्यांचं काही चालत नाही. केस पुढे सरकतात ते गवतातल्या तंतूंनी आणि पुरेशा पाण्याने. केसगळतीच्या दिवसांत पपई वाढवण्यापेक्षा ब्रश जास्त वेळा फिरवा.

थोडक्यात आटोपणाऱ्या गोष्टी

सफरचंदाच्या बिया आणि चेरी, पीच, आलुबुखार यांच्या कोया काढूनच द्या, त्यांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. अ‍ॅव्होकॅडो मात्र खरंच विषारी आहे, तुकडाही नको. बारा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला फळ देऊ नका. नवीन फळ एका वेळी एकच, आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या पाहून मगच पुढचं. उरलेला तुकडा पिंजऱ्यात पडून राहिला तर मुंग्या आणि बुरशी, म्हणून लगेच उचला. बेरी जातीची फळं खाल्ल्यावर लघवी लालसर झाली तर बहुतेक वेळा तो रंगच असतो. एक-दोन दिवसांत ती पूर्ववत झाली नाही किंवा ससा कुंथत असेल तर तपासणी हवीच.

जेवत नाही म्हणून फळांचा मारा

ससा गवताकडे ढुंकूनही पाहत नाही, म्हणून काहीजण केळं, मग सफरचंद, मग द्राक्षं पुढे करत बसतात. यात मोलाचे तास जातात. सशाला उलटी होत नाही, आणि त्याचं आतडं थंडावलं की पोटात गॅस भरून तो झपाट्याने खालावतो. आवडीचं फळ नाकारणं हीच धोक्याची खूण समजा. अंग चोरून बसला आहे, दात करकर वाजवतो आहे, लेंड्या बारीक झाल्या आहेत किंवा बंद आहेत, असं दिसलं तर लगेच फोन लावा. दहा-बारा तास काही न खाणं ही सशासाठी तातडीची वेळ असते, रात्र असली तरी. ‘पोटाला आराम’ म्हणून उपाशी ठेवायचं नाही, आणि पोट ताठ फुगलेलं असेल तर तपासणीआधी सिरिंजने जबरदस्तीने भरवायचंही नाही. निघताना शेवटच्या लेंड्या कागदात बांधून सोबत घ्या आणि त्याने शेवटचं काय, किती वाजता खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.